तीन नंबरच्या बेडची सरळ रेघ

भुताखेतांच्या अनुभवांच्या या ग्रुपवर आजवर मी फक्त टिंगल करायला येत होतो. कुणाला चिंचेखाली बाई दिसली, की मी विचारायचो, आधार कार्ड होतं का तिच्याकडे? आता तुम्ही हसा माझ्यावर... मी सांगून मोकळा होतो.

मी बारामतीत राहतो, कॉम्प्युटर मेंटेनन्सची कामं घेतो. इंदापुरात हायवेलगत एक खाजगी दवाखाना आहे. नाव सांगणार नाही, त्यांची यात काही चूक नाही. तिथं सहा बेडचा एक वॉर्ड आहे. पेशंटचे ठोके आणि ऑक्सिजन सिस्टरच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर दिसतात, साध्या ब्राउझरमध्ये. त्या ब्राउझरचा सिक्युरिटी पॅच आला होता. तो बसवायचा, मशीन रिस्टार्ट करायचं, व्हर्जन नंबर बघायचा आणि मग एकेका बेडपाशी जाऊन तिथल्या मॉनिटरचा आकडा स्क्रीनशी जुळतोय का ते तपासायचं. एवढंच काम.

माझे चुलते तात्या त्याच वॉर्डात होते, तीन नंबरला, खिडकीपाशी. वडील गेल्यावर मला त्यांनीच कऱ्हाटीला वाढवलं. न्यूमोनिया झाला होता, पण उतार पडत होता. सकाळीच चहात साखर कमी म्हणून सिस्टरशी भांडले होते.

दुपारी चारला पॅच बसवला. ब्राउझर उघडला, व्हर्जन बरोबर. सहा नंबरचा बेड रिकामा होता. चार बेडच्या रेघा वरखाली नाचत होत्या आणि तीन नंबरची... सरळ. खाली शून्य. बाकी सगळ्यांवर वेळ ४:१२ — आणि तिच्यावर ५:४०.

धावत वॉर्डात गेलो. तात्या निवांत मोसंबी सोलत होते, शेजारचा मॉनिटरही ठीक. परत येऊन रिस्टार्ट केलं. तेच. पॅच काढून पुन्हा बसवला. तेच! नसीमा सिस्टरना बोलावलं, तर त्या म्हणाल्या, सगळं बरोबर तर दिसतंय. मोबाइलवर फोटो काढून पुण्याच्या सिनियरला पाठवला. त्यानं विचारलं, जेवलायस का? फोटोत खरंच रेघ नाचत होती. समोरच्या स्क्रीनवर मात्र, माझ्या एकट्यापुरती, सरळ होती.

डॉक्टरांच्या मागे लागून तात्यांना तपासायला लावलं. छाती मोकळी होतेय म्हणाले. माझं समाधान होईना. स्क्रीनवर पेशंटचं नाव नसतं, फक्त बेडचा नंबर असतो... हे डोक्यात आलं आणि मग मला राहवलं नाही. नसीमा सिस्टर ओळखीच्या. त्यांना गळ घातली, तात्यांना वारं बाधतंय अशी थाप मारली आणि त्यांना सहा नंबरला हलवायला लावलं.

तात्या चिडले. "आरं, हितं चांगला उजेड हाय. कशापायी हलवतूस मला?"

मी ऐकलं नाही.

पाचच्या सुमारास भिगवणचे एक पेशंट आले, मासळीचे व्यापारी. दम लागला होता, पण बोलत होते. वॉर्डात रिकामा बेड एकच. मी टेबलापाशीच उभा होतो. सांगता आलं असतं. काय सांगणार होतो कुणास ठाऊक, पण मी तोंड उघडलं नाही हे खरं.

पाच चाळीसला तीन नंबरची रेघ सरळ झाली. या वेळी सगळ्यांना दिसली. डॉक्टरांनी शर्थ केली... उपयोग झाला नाही.

त्या व्यापाऱ्यांची बायको बाहेर बाकावर बसली होती. मी समोरून जाताना तिनं हात धरला.

"दादा, तुमच्या माणसानं जागा सोडली म्हणून ह्यांना खिडकी मिळाली. शेवटाला जरा मोकळी हवा लागली. देव तुमचं भलं करो."

मला तिच्याकडे बघवेना. हात सोडवून जिना उतरलो.

डॉक्टर म्हणतात, त्या व्यापाऱ्यांचं हृदय आधीच कमकुवत होतं. सिनियर म्हणतो, डोळ्यांचा थकवा. असेलही. मला आजतागायत काही उलगडलेलं नाही. तात्या ठणठणीत आहेत, उसाला पाणी द्यायला स्वतः जातात. त्यांना मी काही बोललेलो नाही. त्या दवाखान्याचं काम आता दुसऱ्याला दिलंय.

भुताबितांची भीती मला अजूनही वाटत नाही. उद्या परत तशी रेघ दिसली, तर मी परत तात्यांनाच हलवेन आणि परत गप्प उभा राहीन... याची वाटते.