मामाजींची खराद

आमचे मामाजी माणसाच्या आधी लाकूड बघत. मला बघायला आले तेव्हा माझं शिक्षण, स्वयंपाक, शिवण, सगळी चौकशी बाकीच्यांनी केली. मामाजी आपले बसल्या बसल्या पाटाखाली हात घालून अंगठा फिरवत होते. शेवटी माझे वडील न राहवून म्हणाले, "तुम्ही काही विचारलं नाही." मामाजी म्हणाले, "पोरगी चांगली हाये. पाटाचा हा एक पाय मात्र गहूभर आखूड हाये, तेवढा मले नेऊ द्या." आणि खरंच, लग्न ठरल्याच्या दुसऱ्या आठवड्यात आमचे चारही पाट दुरुस्त होऊन बैलगाडीतून परत आले. माहेरी पुढे बरीच वर्षं माझ्या लग्नापेक्षा त्या पाटांचंच कौतुक चालू होतं.

वऱ्हाडात सासऱ्यांना मामाजी म्हणतात. ते बुलढाण्याच्या कचेरीत नकला करणारे कारकून होते. तेव्हा आमचा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता आणि कचेरीतले सगळे कागद नागपूरकडे तोंड करून असायचे. त्या कागदांच्या नकला मामाजींनी तीस वर्षं केल्या. अक्षर असं की मूळ कागदापेक्षा नक्कलच खरी वाटावी. पेन्शनीत निघाल्या दिवशी त्यांनी टाक खाली ठेवला आणि घरी येऊन म्हणाले, "लोकाइचं लेहून लेहून बोटं झिजले. आता एखादी चीज माही सोताची करतो." त्याच सुमारास एक गोरा साहेब विलायतेला परत चालला होता आणि त्याचं सामान विकायला निघालं होतं. लोकांनी पलंग घेतले, आरसे घेतले. मामाजींनी खराद घेतली.

खराद म्हणजे लाकूड गोल कातायचं यंत्र. खाली पायाने दाबायची पावडी, तिच्यावर मोठं लोखंडी चाक, चाकावरून वर गेलेला चामड्याचा पट्टा आणि तो पट्टा फिरवतो असा एक जाड आस. आसाच्या तोंडाशी लाकूड अडकवायचं, पावडी दाबत राहायचं आणि फिरत्या लाकडावर पटाशी टेकवायची. ढलप्या कशा भराभर उडायच्या! परसदारच्या पडवीत मामाजींनी तिची स्थापना केली आणि सकाळची पूजा झाली की ते तिच्यापुढे उभे राहत. लाटणी, रव्या, भोवरे, पाळण्याचे खांब. जे करायचे ते वाटून टाकायचे. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या, त्यामुळे "पुरे करा आता" असं म्हणणारं घरात कोणी नव्हतं. आम्हा दोघांच्या संसारात एकवीस लाटणी होती. मी एकदा म्हटलं, "मामाजी, मले हात दोनच हायेत." तर म्हणाले, "मोडलं एखादं तं?" शिसवीचं लाटणं मोडायला मी पोळ्या लाटत होते की दगड फोडत होते, कोण जाणे.

काही अडकलं की जोर लावायचा नाही, हा त्यांचा नेम. शेजारच्या विहिरीचा रहाट एकदा अडकला. दोघे तिघे जण दोराला लोंबकळत होते, एक जण लाथा मारत होता. मामाजी काठी टेकत गेले, सगळ्यांना बाजूला केलं आणि म्हणाले, "मारता काऊन बे त्याले? त्याले इचारा तं खरं, काय दुखते." मग दोर काढला आणि चाक एकटं फिरवून पाहिलं. चाक फिरलं. मग आस पाहिला, तोही ठीक. अडकलं होतं ते खांबाच्या बेचक्यात, फुगलेल्या लाकडात. "एकेक वेगळं करून इचारायचं. सगळ्याइले संगच इचारलं तं कोनी खरं बोलत नाही." कचेरीत इतकी वर्षं साक्षी-जबान्यांच्या नकला केल्यावर माणसाला एवढं कळणारच.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, घरोघर हत्यारांची पूजा होते. मामाजी खरादीची पूजा स्वतः करत. आधी चाक पुसायचं, आसाच्या दोन्ही बाजूंच्या भोकांत तेलाचे दोन-दोन थेंब सोडायचे, मग हळद-कुंकू, झेंडूचं फूल. त्या वर्षी ऐन नवमीला त्यांना हिवताप भरला. चार पांघरुणांखाली कुडकुडत म्हणाले, "सूनबाई, तिची पूजा राहू देऊ नको." मला मोठा मान वाटला. मी न्हाऊन, हिरवं लुगडं नेसून पडवीत गेले. कोनाड्यात तेलाच्या दोन बाटल्या होत्या, एकीत जवसाचं तेल होतं. माझ्या माहेरी जवसाच्या तेलाशिवाय पान हलत नसे. मी तीच उचलली. आणि दोन थेंब काय सोडायचे, देवाचं काम, म्हणून चांगलं वाटीभर ओतलं. पूजा सुरेख झाली.

मामाजींचा ताप पाच-सहा आठवडे येत-जात राहिला. दिवाळी तशीच गेली. ते उठून हिंडायला लागले तेव्हा धोतर कमरेला दोन वेढे जास्त घेत होतं. एके सकाळी पडवीत गेले. मी स्वयंपाकघरात कान देऊन होते, कारण इतक्या दिवसांनी तो घरघराट ऐकायचा होता. पावडीचा एक आवाज आला, दुसरा आला, मग काही नाही. बाहेर येऊन ते ओसरीवर बसले आणि पायांकडे बघत राहिले. "फिरून नाही राह्यली," म्हणाले. "माहे पाय गेले, सूनबाई."

त्यानंतर ते पडवीत गेले नाहीत. जेवण निम्म्यावर आलं. कोणी काही दुरुस्तीला घेऊन आलं की "दुसरीकडे ने" म्हणायचे. यांनी समजूत घातली, डॉक्टर आणला. डॉक्टर म्हणाला, अशक्तपणा आहे, जाईल. मामाजींनी मान डोलावली आणि त्याच दुपारी पिंपळगाव राजाच्या गणपत मिस्त्रीला निरोप पाठवला की खराद घेऊन जा, माझ्याच्यानं आता होत नाही. मिस्त्री बाजाराच्या दिवशी गाडी घेऊन येणार होता. खराद गेली की मामाजीही फार दिवस राहणार नाहीत, हे मला त्यांच्या ताटाकडे बघून कळत होतं.

बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी ते आडवे झाल्यावर मी पडवीत गेले. खरं तर निरोपाचं पुसून घ्यावं म्हणून गेले होते. पण हात लावला आणि मनात आलं, हिला कोणी विचारलंच नाही! जगातल्या सगळ्या चाकांना विचारणाऱ्या माणसाने आपल्या खरादीला एक प्रश्न केला नव्हता. गुन्हा आपल्याच पायांचा म्हणून मोकळा झाला होता. मी पट्टा उतरवला. पावडी दाबली. चाक पिसासारखं फिरलं. मग आस धरला. दोन्ही हातांनी पिळला तरी हलेना. जिथून तेल सोडतात त्या भोकाशी बोट लावलं तर बोटाला पिवळा, चिकट डिंक लागला. नाकाशी नेला. तो वास मी जन्मापासून ओळखत होते.

जवसाचं तेल लाकडाला चोळण्यासाठी होतं. ते वाळतं, लाकडावर त्याची सालच बसते. तेच आसाभोवती पाच-सहा आठवडे वाळलं होतं, आणि वर भुसा. हे मला तेव्हा त्या बोटाकडे बघता बघता समजलं.

गप्प बसता आलं असतं, हे लपवत नाही. मिस्त्री नेऊन साफ करील, कोणाला काय कळणार? मामाजी त्या यंत्राला यांनाही हात लावू देत नसत आणि माझ्यावर विश्वास टाकला होता. पाच मिनिटं मी त्या भुशात तशीच बसून रडले. मग जाऊन त्यांना उठवलं.

"मामाजी, खराद तुमच्या पायानं नाही अटकली. माझ्या तेलानं अटकली."

"कोन्तं तेल?"

"जवसाचं. नवमीले टाकलं म्या."

ते उठले, पडवीत आले, आसावरचा डिंक अंगठ्यावर घेऊन चोळला, वास घेतला. मी भिंतीला पाठ लावून उभी होते.

"किती टाकलं?"

"वाटीभर."

मामाजी हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले, चाकाला धरून हसले, डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेनात. "वाटीभर! अवो, बैलालेही कोनी इतकं पाजत नाही!" आणि मग माझ्याकडे बघून, एकदम हळू आवाजात, "म्हंजे माहे पाय साबूत हायेत, सूनबाई?" मी "हाव" म्हटलं. तो माणूस मला एक शब्द रागाचा बोलला नाही. त्या दिवसापासून ते मला सासरे राहिले नाहीत, वडील झाले.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला तेव्हा आम्ही दोघं कोपरापर्यंत घासलेटात होतो. आसावरची झाकणं काढून, भिजवून, बांबूच्या कामटीने डिंक खरवडणं चालू होतं. मिस्त्री म्हणाला, "बाबूजी, मंग मी गाडी रिकामी नेऊ काय?" मामाजी म्हणाले, "रिकामी काऊन? तू बस ना तिच्यात." चहा पाजून, दोन लाटणी देऊन त्याची बोळवण केली. तिसऱ्या दिवशी खराद फिरली. संध्याकाळी कोनाड्यातल्या बाटल्यांवर कचेरीतल्या त्या अक्षरात चिठ्ठ्या लागल्या. एकीवर "खरादीसाठी", दुसरीवर "लाकडासाठी", आणि शेजारी एक रिकामी बाटली, तिच्यावर "सूनबाईसाठी".

पुढे नऊ वर्षं ती घरघर आमच्या घरात होती. यंत्र उघडायचं, पुसायचं, तेल द्यायचं काम माझ्याकडे आलं. मामाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "आमची सून हुशार हाये, अटकवतेही आन सोडवतेही." माझ्या मुलांच्या पाळण्याचे खांब मी डोळ्यांसमोर कातले जाताना पाहिले.

मग एका थंडीत, सकाळी, आवाज थांबला. मी गेले तर ते पावडीवर पाय ठेवून उभे होते, पटाशी हातात तशीच. मी काही न विचारता पट्टा उतरवला. चाक फिरवलं, फिरलं. आस एका बोटाने फिरला. पावडीची कडी पाहिली, झाकण काढलं, भोकात बोट घालून वास घेतला. स्वच्छ तेल होतं. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

"सूनबाई," मामाजी म्हणाले, "या खेपेले तू काहीच नाही केलं."

त्यांचा आवाज अगदी शांत होता. मी मात्र देवाजवळ मागत होते की चूक माझीच निघू दे, वाटीभर नाही, घागरभर निघू दे. आस हातात हलका फिरत होता. मी तरीही उठले आणि घासलेट आणायला आत गेले.