आढ्याला दांडी म्हणू नये

माझ्या वडिलांनी चाळीस वर्षं लोकांची कौलारू छपरं शाकारली. सत्तरीत गुडघे गेले आणि डॉक्टरांनी शिडी चढणं बंद केलं. तेव्हापासून ते खाली उभे राहून सगळ्यांचं डोकं खातात.

आता आमचंच छप्पर गळतंय, तेही नेमकं आईच्या खाटेवर. ती दम्याची बाई, ओल लागली की खोकून बेजार होते. खाट सरकवावी तर खोलीचं दार उघडत नाही.

कारागीर आणला की बाबांची परीक्षा सुरू. काठी वर करून विचारायचं, "हे काय?"

पहिला म्हणाला, "मधली दांडी."

"आढं म्हणतात त्याला! निघा."

दुसऱ्याने वासे सांगितले, रिपा सांगितल्या, पण पाखं म्हणजे काय म्हटल्यावर आभाळाकडे बघायला लागला. छपराची उतरती बाजू, एवढंच! शब्द आला नाही म्हणून कौल बसवता येत नाही असं थोडंच आहे? तिसऱ्याने आढ्यापासून वळचणीपर्यंत सगळं धडाधडा म्हणून दाखवलं. मी म्हटलं, सुटले. तर बाबा म्हणाले, "फार बोलतो." त्यालाही नारळ.

काल आईची गादी अक्षरशः पिळावी लागली, तेव्हा माझं डोकं फिरलं. ओढणी खोचली आणि शिडी लावली.

"उतर खाली! तुला काय कळतंय त्यातलं?" बाबा ओरडले.

लहानपणी घासागणिक हेच शब्द घोकून घेतलेत माझ्याकडून, आणि म्हणे मला कळत नाही!

वर गेले आणि बघतच राहिले. दोन पाखी मिळतात तिथली फट झाकायला आढ्यावर कोने बसवतात. एकावर एक चढवताना जोडाचं तोंड वाऱ्याच्या उलट बाजूला ठेवायचं. इथे एकूण एक तोंड वाऱ्याकडे, पाऊस सरळ आत. आणि हे कोने गेल्या वर्षी बाबांनीच बसवलेले, गुडघे जाण्यापूर्वीचं त्यांचं शेवटचं काम. वर चढणाऱ्या कुठल्याही कारागिराला ते दिसलं असतं.

"बाबा, म्हणून घालवलंत होय तिघांना?"

ते शिडी घट्ट धरून जमिनीकडे बघत होते. "हळू बोल. तुझी आई ऐकेल."

खिडकीतून आधी खोकला आला, मग आईचा आवाज. "मला ठाऊक आहे हो. त्याच दिवशी अंगणातून दिसलं होतं. तुम्ही इतक्या खुशीत खाली उतरलात, माझ्याच्यानं बोलवलं नाही."