शेंगा नसलेलं घर

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी माझ्या थोरल्या भावाचं, मारुतीदादाचं नाव घेतो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिला. दादा सातवीतून शाळा सोडून मेंढरांमागं गेला, म्हणून मला सांगोल्याच्या हायस्कुलात आणि पुढं सोलापूरच्या कॉलेजात जाता आलं. हे मी चार लोकांत अनेकदा सांगितलं आहे. त्याच्या दुसऱ्या उपकाराबद्दल मात्र कधी बोललो नाही. माझी बायको सुनंदा गेली तेव्हा आमची मुक्ता तीन वर्षांची होती. नोकरी नागपूरला. थोडे दिवस म्हणून मुक्ताला दादाकडं ठेवलं, आणि त्या थोड्या दिवसांची आठ वर्षं झाली. गेल्या मे महिन्यात मी तिला कायमची घेऊन येण्यासाठी निघालो, त्या प्रवासाची ही हकीकत.

सकाळी गाडीनं सोलापूरला उतरलो. बॅगेत मुक्तासाठी नवा ड्रेस होता आणि नागपूरच्या शाळेतल्या प्रवेशाचा कागद होता. नऊच वाजले होते, तरी उन्हानं डोळे बारीक करावे लागत होते. सोलापुरात उतरायचं आणि शेंगाची चटणी न घेता पुढं जायचं, हे आमच्याकडच्या माणसाला जमत नाही. कॉलेजात असताना ज्या दुकानातून घ्यायचो तिथंच गेलो. दुकानदार आता म्हातारा झाला होता.

"कुणासाठी नेताय?" त्यानं विचारलं.

"लेकीसाठी. अकरा वर्षांची आहे."

"तिखट चालतंय का तिला?"

"चालतं की," मी म्हणालो. म्हणालो खरं, पण तिला तिखट चालतं की नाही हे मला माहीत नव्हतं.

"मग ही घ्या. उखळात कुटलेली हाय, तेल बगा कसं सुटलंय."

एक किलो चटणी आणि कडक भाकरीचं एक पुडकं घेऊन मी स्टँडवर आलो.

सांगोल्याची एसटी मंगळवेढ्यावरून जाते. शेजारी एक आजीबाई बसल्या होत्या, मांडीवर धान्याचं गाठोडं घेऊन. बाहेर ज्वारी काढून झालेली काळी रानं, मधूनच एखादं कडुलिंबाचं झाड आणि त्याखाली गोळा होऊन उभी शेरडं. आजींनी विचारलं, "कुटं निगालास?"

"सांगोल्याला. लेकीला न्यायला."

"सासरी दिलीया व्हय?"

"नाही हो, लहान आहे. भावाकडं असते."

"किती दिस झालं?"

"आठ वर्षं."

आजींनी मांडीवरचं गाठोडं सावरलं. मग म्हणाल्या, "मग न्यायला कसा निगालास? ती घरीच हाय की."

बोलताना त्या हसल्या, म्हणून मीही हसलो. मंगळवेढ्याला त्यांचं गाठोडं उतरवून दिलं. पुढचा रस्ताभर ते वाक्य काही डोक्यातून गेलं नाही.

सांगोला जवळ आलं तशा डाळिंबाच्या बागा दिसू लागल्या. काही हिरव्या, काही पाण्याअभावी करपलेल्या. एका वस्तीवर टँकरभोवती घागरींची रांग लागली होती. स्टँडवर उतरून बॅग उचलली तर हाताला तेल लागलं. चटणीची पिशवी फुटली होती. ड्रेसवर बशीएवढा डाग पडला होता आणि प्रवेशाच्या कागदाची एक कड पारदर्शक झाली होती. मी रुमालानं पुसलं आणि रुमाल खिशात घातला.

दादा मोटारसायकल घेऊन आला होता. डोक्याला पांढरं फडकं, अंगात बंडी. "वाळलास रं," एवढंच म्हणाला. गाव तिथून चौदा किलोमीटर. वाटेत त्याच्या पाठीला टेकून बसलो तेव्हा शाळेत जातानाची सायकल आठवली. तेव्हाही पुढं तोच असायचा.

घराच्या अंगणात मुक्ता उभी होती. गेल्या दिवाळीपेक्षा पुष्कळ उंच झाली होती. मला बघून धावत आली आणि दोन पावलांवर थांबली.

"पप्पा, तुमच्या अंगाला शेंगाचा वास येतोय."

मला वाटलं, लाडात बोलतेय. "अगं तुझ्यासाठीच आणलीय, सोलापूरची चटणी!" असं म्हणत मी तिला जवळ घ्यायला हात पुढं केले. तेवढ्यात वहिनी मध्ये आल्या. एरवी माझ्यापुढं हळू बोलणाऱ्या वहिनी मोठ्यानं म्हणाल्या, "भावजी, आदी हात धुवा. साबणानं. मग पोरीला हात लावा."

मी हौदाजवळ जाऊन हात धुतले. वहिनींनी माझी सगळी बॅग अंगणाच्या टोकाला नेऊन उपडी केली, शर्टही बदलायला लावला. मुक्ता लांब ओट्यावर बसून बघत होती. तिला माझीच लाज वाटल्यासारखं दिसलं.

"तिला शेंगा चालत न्हाईत," दादा म्हणाला. "एक दाणा पोटात गेला तर तोंड सुजतंय, दम लागतोय."

"मला कुणी सांगितलं नाही," मी म्हणालो.

 वहिनींनी पिळता पिळता ड्रेस खाली ठेवला. "ह्यांनी फोन केलता तुमाला. सांगोल्याच्या दवाखान्यातनं. पाच वर्साची हुती. शेजारच्यांनी शेंगदाण्याचा लाडू दिलता."

मग मला आठवलं. दुपारची वेळ होती, ऑफिसात बैठक चालू होती. "बरी आहे ना आता? मग संध्याकाळी बोलतो," असं मी म्हणालो होतो. संध्याकाळी बोललो होतो की नाही ते काही केल्या आठवेना. बोललो असतो तर हे मला माहीत असतं.

जेवायला बसलो. ज्वारीची भाकरी, घट्ट डाळ, वांग्याचं कोरड्यास (पातळ भाजी) आणि जवसाची चटणी. आमच्या भागात वांग्यात शेंगदाण्याचा कूट (भाजलेल्या दाण्यांची भरड) नाही, असं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. लहानपणी दादा नुसत्या शेंगाच्या चटणीबरोबर तीन भाकरी खायचा, दुसरं कोरड्यास मागायचाच नाही. मी विचारलं, "दादा, तू कधीपासून खात नाहीस?"

"सा वर्सं झाली की." त्यानं भाकरीचा तुकडा मोडला. "सवय झाली. रानात भुईमूगबी करत न्हाय आता."

संध्याकाळी आम्ही दोघं दूध घालायला डेअरीवर निघालो. शाळेजवळ शेवंतामावशी भेटल्या. शाळेत मुलांची खिचडी त्या शिजवतात. मला बघून म्हणाल्या, "हे का पोरीचं वडील? आमाला वाटलं मारुतीच तिचा बाप हाय. पयलं वरीसभर रोज दुपारी चुलीम्होरं येऊन बसायचा. पातेल्यात डोकावायचा. मास्तर म्हनायचं, मारुतीला परत सातवीत घ्या."

"तू तरी कुटं नीट बगत हुतीस?" दादा म्हणाला. "एकदा चिक्की वाटायला काडलीच हुतीस की."

"एकदाच. त्यावरनं आजून बोलतोय बगा."

दोघं हसले. मला हसता आलं नाही. एक माणूस वर्षभर रोज दुपारी रानातलं काम टाकून शाळेत बसत होता, आणि मी नागपुरात लोकांना सांगत होतो की माझी मुलगी गावाकडं मोकळ्या हवेत मजेत वाढतेय.

दुसऱ्या दिवशी दादानं मुक्ताची ट्रंक भरून ओट्यावर आणून ठेवली. नेऊ नको असं तो एका शब्दानंही बोलला नाही. वहिनी आत होत्या, बाहेर आल्या नाहीत. दादानं बंडीच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकची लहान पिशवी काढली. तिच्यात गोळ्या होत्या आणि घड्यांवर फाटत आलेली डॉक्टरांची चिठ्ठी होती.

"हे आता तुज्याकडं," तो म्हणाला. "कुटं बी जाताना खिशात पायजे. त्रास झाला की आदी ही गोळी, मग लगीच दवाखाना."

मी ती पिशवी शर्टाच्या खिशात ठेवली. मुक्ता माझ्या खिशाकडं बघत होती.

"पप्पा, तुमी रोज शर्ट बदलता?"

"हो. ऑफिसला जायचं असतं ना."

"तात्या बंडी काढताना आदी पिशवी काढतो. मग आंघोळीला जातो." ती दादाला तात्या म्हणते, आणि त्याला तू म्हणते. मला तुमी. "तुमी इसरशीला."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. पावसाळ्यात छत्री विसराल असं सांगावं, तसं तिनं सांगितलं.  "नाही विसरणार" हे शब्द तोंडात आले होते, पण सहा वर्षांपूर्वीचं "संध्याकाळी बोलतो" हेही त्याच तोंडातून आलं होतं.

"तुला यायचंय का माझ्याबरोबर?" आठ वर्षांत पहिल्यांदा मी तिला हे विचारलं.

तिनं दादाकडं पाहिलं. दादा मुद्दाम दुसरीकडं, गोठ्याकडं बघत होता. "आत्ता नको," ती म्हणाली, आणि मला वाईट वाटू नये म्हणून लगेच पुढं म्हणाली, "दिवाळीला बघू की."

मी पिशवी काढून दादाच्या हातात दिली. त्यानं ती खिशात घातली आणि वरून एकदा खिसा चाचपला. चाचपतोय हे त्याला स्वतःला कळलंही नसावं. ट्रंक मीच उचलून आत नेली. आत वहिनी पदरानं डोळे पुसत होत्या.

परतताना तोच रस्ता, तीच काळी रानं. उरलेली चटणी वहिनींनी दोन पिशव्यांत बांधून माझ्याबरोबर परत दिली होती. नागपूरच्या गाडीत समोरच्या कुटुंबाला ती देऊन टाकली. त्यांच्या लहान मुलाला द्यायच्या आधी मी विचारलं, "याला शेंगा चालतात ना?" त्याची आई माझ्याकडं विचित्र नजरेनं बघत म्हणाली, "शेंगा कुणाला चालत नाहीत?" त्या वेळी मला दादाची फार आठवण आली. कमावणं म्हणजेच बाप होणं, असं मी समजत होतो. शिकलेला मी होतो, आणि ते चूक होतं हे मला मुलगी अकरा वर्षांची झाल्यावर कळत होतं.

गेल्या आठवड्यात दादाला पत्र लिहिलं. फोनवर मला बोलता आलं नसतं. मुक्तानं ते त्याला वाचून दाखवू नये म्हणून पाकिटावर 'फक्त दादासाठी' असं लिहिलं. चष्मा लावून तो सावकाश वाचतो.

तीर्थरूप दादास,

शिरसाष्टांग नमस्कार.

इकडच्या शाळेतला प्रवेश रद्द केला. सोलापूरला बदली मागितली आहे, मिळेल की नाही माहीत नाही. माझ्या स्वयंपाकघरातले शेंगदाणे काढून टाकले. तेलाच्या डब्यावर काय लिहिलंय ते वाचलं, तेल बदललं. सगळे डबे दोनदा घासले. भाकरीबरोबर काय खावं ते अजून सुचत नाही. वहिनींना जवसाच्या चटणीचं प्रमाण विचारून कळव.

त्या वेळी संध्याकाळी मी फोन केला नव्हता. तू आजवर त्याबद्दल एकदाही बोलला नाहीस.

इथल्या डॉक्टरांना सगळं सांगून तसल्याच गोळ्या आणल्या आहेत. मुक्ता इथं नाही, तरी रोज खिशात ठेवतो. संध्याकाळी घरी आल्यावर बघतो, आहेत का. पहिल्या आठवड्यात तीनदा विसरलो. या आठवड्यात एकदा. पूर्ण महिना एकदाही विसरलो नाही की तुला कळवीन. तोवर तिला काही सांगू नकोस.

तुझा धाकटा.