टेबलावरचं नवं रबर
लेबर रूमच्या टेबलावर नवं रबर अंथरलं, की त्याच्या वासानं मला काही वर्षांपूर्वीचं ते प्रशिक्षण आठवतं. बाईची जात आणि गाव पाहून आपलं वागणं कसं बदलतं, ते नाटक करून दाखवायचं होतं. मी सिस्टर, म्हणून उलट मला पेशंट करून टेबलावरच्या नव्या रबरावर झोपवलं आणि डिंभे धरणाच्या वरच्या आदिवासी वाडीतली आमची आया सिस्टर झाली. कमरेवर हात ठेवून ती ओरडली, "ए, गप पड! तुमा डोंगरातल्या बायांना कसल्या आल्यात कळा?" सगळे हसले, मीही हसले. उठता उठता मी विचारलं, "मावशी, हे कुठं शिकलात?" रबर पुसत ती म्हणाली, "माज्या सुनेला तुमीच म्हणला व्हता, बाई." मला तिची सून आठवेना. अजूनही आठवत नाही.