शास्त्रज्ञाला खोटं सांगायचं नाही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. वैशालीला तर नाहीच — आणि सगळं तिच्याबद्दलच आहे. ती आत्ता स्वयंपाकघरात गवार मोडत बसली आहे, काहीतरी गुणगुणते आहे. आमचं छान चाललंय, हे आधीच सांगून टाकतो. सुखात बसलेल्या माणसाने जुनं उकरावं तरी कशाला? पण राहवत नाही.

नव्वदच्या दशकात आम्ही सानपाड्याला एकाच सोसायटीत राहायचो. कॉलेजात होतो, रविवारची दुपार मोकळी असायची. परदेशातून आलेल्या मावसभावाने मला एक खेळ शिकवला होता. एकाने सूत्रधार होऊन गोष्ट रचायची, बाकीच्यांनी एकेक पात्र घेऊन त्या गोष्टीत शिरायचं, आणि अडलं की फासा टाकायचा. मी लगेच आमचा खेळ तयार केला — पंचवीस-तीस वर्षांनंतरची मंगळावरची वसाहत. कल्पनाशक्तीची झेप केवढी? तर तिथेही पाणी ठरावीक वेळेलाच यायचं आणि सेक्रेटरी भांडकुदळ होता.

सूत्रधार अर्थातच मी. सोसायटीतलेच मित्र, पक्या सैनिक, नितीन पायलट. शास्त्रज्ञ मात्र कुणालाच नको होता. ना बंदूक, ना यान — करायचं काय? म्हणून मीच त्याला एक ताकद दिली. दर डावात त्याने सूत्रधाराला एक प्रश्न विचारायचा, आणि सूत्रधाराने खरं तेच सांगायचं. ते पात्र तिसऱ्या मजल्यावरच्या वैशालीने घेतलं.

आणि माझी पार वाट लागली. मी आठवडाभर डोकं खपवून रहस्य रचायचं, आणि तिने एका प्रश्नात त्याचा फडशा पाडायचा. पुन्हा विचारणं नाही, घुटमळणं नाही. "सूत्रधार कशाला पायजे? हिलाच बसव ना तिथं," पक्या म्हणायचा. सगळे हसायचे, मीही हसायचो. पण जळफळाट व्हायचा माझा. आणि त्याच दिवसांत मी तिच्या प्रेमातही पडत होतो — दोन्ही एकदम होतं का? माझं झालं.

मग एका रविवारी ते सगळे एका ओसाड घुमटाशी पोचले. आतली हवा विषारी, हे मी सकाळीच ठरवून ठेवलं होतं. वैशालीने नेमकं तेच विचारलं, "आतली हवा श्वास घेण्यासारखी आहे?"

मी म्हणालो, "आहे."

का म्हणालो? एकदा तरी ती हरावी म्हणून. दुसरं काही नाही. तिने शिरस्त्राण काढलं. तिच्या भरवशावर पक्याने काढलं, नितीनने काढलं. तिघेही मेले. आरडाओरडा झाला तेव्हा मी तिथल्या तिथे पळवाट शोधली — हवा चांगलीच होती, नंतर बिघडली. ती टिकेल का, हे कुठे विचारलंस? सगळ्यांना पटलं. तिलाही.

एवढ्यावर थांबलं असतं तर खेळातली लबाडी म्हणून सोडूनही दिलं असतं. पण जिना चढताना तिने मला एकट्याला गाठलं. चेहरा उतरलेला. "खरं सांग, माझाच प्रश्न चुकला ना रे?"

आता खेळ संपला होता. मी म्हणालो, "हो."

त्यानंतर ती खेळायला आली नाही. आणि तेव्हापासून ती प्रत्येक गोष्ट दोनदा विचारते. गॅस बंद केलास? नक्की? गाडी खारघरला थांबते ना? नक्की? लग्नाला होकार देतानासुद्धा तिने मला दोनदा विचारलं होतं. घरात आम्ही तिला यावरून चिडवतो. सर्वांत जास्त मीच चिडवतो. बी.एस्सी.नंतर संशोधनाकडे जायचं म्हणायची, गेली नाही. त्याचं कारण मी तिला कधी विचारलं नाही — उत्तराची भीती वाटते, दुसरं काय?

मागच्या आठवड्यात मुलीला माळ्यावर ते जुने फासे सापडले. आमच्याकडून ऐकलेला तो खेळ खेळूया म्हणाली, आई शास्त्रज्ञ.

"नको गं बाई," वैशाली हसत म्हणाली, "मला प्रश्नच धड विचारता येत नाहीत. माझ्यापायी सगळे मेले होते एकदा." मग माझ्याकडे वळली. "माझंच चुकलं होतं ना रे?"

मी म्हणालो, "हो."

"नक्की?"

"नक्की."