अळिवाचे लाडू करणाऱ्या मावशी

महाल भागातल्या आमच्या गल्लीत एक मावशी अळिवाचे लाडू आणि जवसाची चटणी करून विकत. पाळीची तक्रार घेऊन बायका येत, तेव्हा त्या जवस भाजता भाजताच विचारत, "काल काय खाल्लं वं?" त्यांच्या जवसाच्या चटणीवरच मी बी.ए. झाले, असं मी आजही मानते.

एकदा समोरच्या काकू आल्या. "सुनेले पाळीत लई अंगावरून जाते, चक्कर येते. डॉक्टरीणबाईनं लोहाच्या गोळ्या देल्या. तुमचे लाडूही द्या."

"बाहेर बसते तवा तिले जेवाले काय देता?"

"उरलंसुरलं. त्या दिवसांत कोण रांधून देते?"

"मंग लाडू नका नेऊ. उपाशी बाईले लाडू काय करन?"

त्याच आठवड्यात सून बाहेर बसली. मावशी ऊन वरणभात घेऊन काकूंच्या अंगणात गेल्या आणि तिला खेटून बसल्या.

"शिवलं तुम्ही तिले!" काकू ओरडल्या. "आता तुमचे लाडू कोण घेईन?"

"नका घेऊ. जेव वं पोरी."

बरेच दिवस मावशींकडे कोणी फिरकलं नाही. त्या मात्र रोजच्यासारख्याच कामाला बसत.

पुढच्या महिन्यात काकूंनी स्वतः सुनेचं ताट वाढलं. लांबूनच सरकवलं, पण भातातून वाफा निघत होत्या.