पहिली माझी

"पहिली माझी," असं म्हणून मावशी तव्यावरची पोळी उचलायच्या. गॅस बंद करायच्या, पोळीवर थोडं तेल आणि चिमूटभर मीठ घालून गुंडाळी करायच्या आणि ओट्याखालचं प्लॅस्टिकचं स्टूल ओढून शांतपणे खायच्या. खाऊन झालं की मगच दुसरी लाटायला घ्यायच्या.

घरोघर पोळ्या लाटायला जाणाऱ्या बायका तुम्हीही पाहिल्या असतील. हात कणकेत आणि डोळे घड्याळात. मावशी मूळच्या रत्नागिरीकडच्या, राहायला नवघरला. आमचं सिल्व्हर पार्कातलं घर त्यांचं तिसरं. आमच्याकडे पोचेपर्यंत अकरा वाजायचे आणि त्यांना भूक लागायची. भूक लागली की खायचं, यात त्यांना लपवण्यासारखं काही वाटत नसे.

आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. तिची खाट हॉलमध्ये अशी ठेवली होती, की तिला स्वयंपाकघर दिसावं. पहिल्याच दिवशी तिने तिथून हटकलं, "अहो, पहिली गाईची असते."

"आजी, गाय काय पाचव्या मजल्यावर येत नाय. मी येते."

आई हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मग म्हणाली, "आणि गाईचं काय?"

"तिला दुसरी. तिने अजून कधी कटकट केली नाय."

तेव्हापासून दुसरी पोळी कागदात गुंडाळून मावशी जाताना खाली न्यायच्या. गेटसमोरच्या देवळापाशी गाय बांधलेली असे, तिला घालायच्या.

आई आयुष्यभर सगळ्यांच्या शेवटी जेवली. मीही तिचीच मुलगी. तिच्या आजारपणाची दोन वर्षं मी गार पोळी दुधात कुस्करून, उभ्या उभ्या, एक कान हॉलकडे ठेवून खाल्ली. मावशी ते रोज बघायच्या.

मग आई गेली. भाड्याने आणलेली खाटही परत गेली. मी घरी बसून पुस्तकांची प्रुफं तपासते; आता वेळच वेळ होता, पण मला बसता येईना. एक पान झालं की उठायचे. दर दोन तासांनी आईला कुशीवर वळवायची सवय हातांना लागली होती. दोन तास झाले की मी हॉलमध्ये जाऊन रिकाम्या जागेपाशी उभी राहायचे. जेवण राहून जायचं. पंजाबी ड्रेस अंगावर लोंबायला लागला.

मीच मग ठरवलं, आता स्वतःकडे लक्ष द्यायचं. आईच्या गोळ्यांच्या वेळांचा कागद फ्रिजवर होता. तोच उलटा करून त्यावर माझं वेळापत्रक लिहिलं. पहाटे फिरणं, प्राणायाम, फळं, वीस पानं वाचन, दैनंदिनी. पुढे चौकोन आखले. तीन दिवस बरोबरच्या खुणा झाल्या, नंतर चौकोन रिकामे. रोज सकाळी पाण्याची बाटली काढताना ते चौकोन दिसायचे आणि मी स्वतःला बोल लावायचे. एवढंसुद्धा जमत नाही तुला.

एके दिवशी मावशी त्या कागदासमोर थांबल्या. वाचायला त्यांना वेळ लागायचा.

"हे आजींच्या गोळ्यांचं ना?"

"नाही, माझं आहे."

"तुम्हाला काय झालंय?"

त्या पुन्हा कागदाकडे बघत म्हणाल्या, "एवढं सगळं करायला एक बाई ठेवावी लागेल, ताई."

मग तवा तापला, पोळी फुगली. तेल, मीठ, गुंडाळी. मी वाट पाहत होते, पण त्या 'पहिली माझी' म्हणाल्या नाहीत. गुंडाळी माझ्या हातात दिली आणि स्टूल पायाने माझ्याकडे सरकवलं.

"आज तुमची. गरम हाय तोवर खा."

दोन घास खाल्ले आणि मी सवयीने उठले. त्या लाटता लाटता म्हणाल्या, "उठायचं तर उठा. पण पोळी हातात घेऊन उठा."

मी घरभर फिरत ती पोळी खाल्ली. अर्धीच संपली. परत येऊन ओशाळून उरलेली दाखवली.

"अर्धी पण धरतात," त्या म्हणाल्या आणि स्वतःची भाजायला घेतली.

त्यानंतर रोज अकराला पहिली माझी, दुसरी त्यांची आणि तिसरी गाईची. गाय एका पोळीने मागे सरकली. येरझारा काही थांबल्या नाहीत, एवढंच की आता हातात पोळी असायची. वेळापत्रकाचा कागद कधी काढला ते आठवत नाही.

गेल्या दिवाळीनंतर मावशी स्टुलावर बसून म्हणाल्या, "ताई, तुमची लिफ्ट सारखी बंद. गुडघे ऐकत नायत. पुढच्या महिन्यापासून खालच्या मजल्यांचीच घरं करतेय मी."

लिफ्टचं बघते, सोसायटीत भांडते, आठवड्यातून तीनदाच या, हे सगळं ओठांवर आलं होतं. मी त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं. त्या स्वतःच हलक्या हाताने ते चोळत होत्या, लहान मुलाचे चोळावेत तसे.

"बरं केलंत," मी म्हणाले.

पुढे त्या नवघर सोडून लेकीकडे गावाला गेल्याचं वॉचमनकडून कळलं.

आता पोळ्या मीच लाटते. कडा जाड राहतात. आज अकराला पहिली उतरवली, तेल-मीठ लावलं, स्टुलावर बसले, आणि उठलेच. गुंडाळी हातात घेऊन गॅलरीत गेले. खाली देवळापाशी गाय मान वर करून उभी होती. तिची अजून लाटायची होती.